कटऑफच्या कोर्टात

निकाल लागले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत खटले उभे राहतात. आरोपी चिरंजीव, पुरावा दहावीला ८८, बारावीला ५६. फिर्यादी आई, साक्षीदार शेजारच्या काकू. शेवटी आजोबा निकाल देतात, ‘‘काहीच जमत नाही ना? मग वकील करा त्याला!’’

बार कौन्सिलच्या नियमाने कायद्याच्या प्रवेशाला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के लागतात, अनुसूचित जातींना ४०. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून एक माणूस १९१७ साली याच गावात नोकरीला आला होता. १९०७ च्या मॅट्रिकला त्याला ७५० पैकी २८२ गुण, म्हणजे ३७.६ टक्के. आजचा फॉर्मवाला म्हणाला असता, ‘‘आंबेडकर, कटऑफ बघितला नाहीत का?’’ तेव्हाच्या बडोद्याने तर त्यांना राहायला खोलीही दिली नाही. गुण कमी म्हणून नव्हे, जात आडवी आली म्हणून.

चिरंजीवांनी हा दाखला लगेच उचलला : ‘‘बघा, मार्कांवर काही नसतं!’’ मधली कोलंबियाची आणि लंडनची वर्षं मात्र युक्तिवादातून शिताफीने वगळली. पोरगा वकील होणार, यात आता शंका नाही.