ऐंद्री शांत, सात कोर्समध्ये

पन्नाशी उलटली की दर पाच वर्षांनी एक शांत करण्याची सोय आपल्या शास्त्राने करून ठेवली आहे. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी, मग वारुणी, साठीला उग्ररथ, पुढे मृत्युंजय महारथी, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री आणि ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन. यादी थेट शंभरीपर्यंत जाते. गिऱ्हाईक धरून ठेवण्याची एवढी दूरदृष्टी आजच्या एकाही कंपनीकडे नाही. अलीकडे मात्र ऐंद्रीचं काम गुरुजींच्या हातून निसटून लोअर परळच्या फाइन डाइन रेस्टॉरंटांकडे गेलंय. विधी तोच, फक्त यजमानाला पाटाऐवजी खुर्ची मिळते. गुडघ्यांचा विचार करता ही प्रगतीच म्हणायची.

नमुन्यादाखल डोंबिवलीचे एक अप्पा घ्या. जन्म १९५० चा. मुहूर्त रेस्टॉरंटने काढून दिला: मंगळवार, रात्री पावणेदहा. अप्पा नऊला झोपतात, पण यजमानाची झोप कुठल्या मुहूर्तात बघतात? सोवळं कडक होतं. पायात बंद बूट हवेत, सँडल चालणार नाही. सुनेने नवे बूट आणले, ते चावले. गोळ्या जेवणानंतरच्या असल्यामुळे अप्पा घरूनच दोन पोळ्या आणि दुधीची भाजी खाऊन निघाले, आणि त्या रात्री पोटभर जेवलेले घरात तेवढे एकटेच होते.

आता रेस्टॉरंट गिरणीच्या आवारात. अप्पा याच गिरणीत साचेखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. पुढे त्यांनी एका पतपेढीत वसुलीचं काम केलं. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे नियमाने बोलायचं तर अप्पा त्या रात्री संप फोडून आत शिरले. भिंतीवर काचेच्या पेटीत एक धोटा लावलेला होता, वर पिवळा दिवा सोडलेला. अप्पांनी चष्मा सावरला, पेटीला नाक लावलं आणि म्हणाले, “आतली कांडी उलटी बसवलीय.” वेटर म्हणाला, “थँक यू सर, शेफना इंडस्ट्रियल हेरिटेज फार आवडतं.”

मग संकल्प. गुरुजी गोत्र विचारतात तसं वेटरने ॲलर्जी विचारली. अप्पांच्या पत्नी माईंनी वांग्याने घसा खवखवतो म्हणून सांगितलं, तेही त्याने अदबीने लिहून घेतलं. त्यानंतर प्रत्येक ताटलीबरोबर संथा सुरू झाली. कुठल्या दरीतून काय खुडलं, किती तास आंबवलं, कशावर धुरी दिली. कळत कोणालाच नव्हतं, पण माना सगळ्यांच्या हलत होत्या. तिथे परंपरा अबाधित आहे. तिसऱ्या कोर्सला काळ्या दगडावर नखाएवढी भाकरी आली, तिच्यावर हिरवट फेस आणि फेसावर चिमट्याने ठेवलेलं कोथिंबिरीचं एक पान. माईंनी वाट पाहिली, मग हळूच विचारलं, “आणि ठेचा?”

“मॅम, हा फेस म्हणजेच ठेचा.”

माईंनी पिशवीत कणकेचे पंचाहत्तर दिवे आणले होते, फुलवातींसकट. औक्षण करायचं म्हटल्यावर मॅनेजर धावत आला. छताला धूर ओळखणारं यंत्र आहे, उघडी ज्योत चालणार नाही. तडजोड म्हणून सेलवर चालणारी एक मेणबत्ती मिळाली. ती फुंकून विझेना, तेव्हा वेटरने खालचं बटण दाबलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच पुढचा कोर्स आला तो काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून. घुमट उचलताच टेबलाभर धूर झाला, माई खोकल्या, नातीने व्हिडिओ काढला. यंत्राने मात्र ब्र काढला नाही. त्याला यजमानाचा धूर आणि शेफचा धूर यातला फरक कळत असावा.

बिल आलं. मुलाने ते झाकून कार्ड काढलं, पण वसुली केलेल्या माणसापुढे कागद झाकून चालत नाही. जीएसटी पाच टक्के, तो अप्पांना मान्य होता. हेच टेबल साडेसात हजारांवर भाडं घेणाऱ्या हॉटेलात असतं तर अठरा पडला असता, हेही त्यांनी सुनेला सांगितलं. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज होता. अप्पांनी पाकिटातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. हा चार्ज परस्पर बिलात लावू नये, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. मुलगा छताकडे बघू लागला. दक्षिणेवरून घासाघीस झाली की यजमानाची पोरं अशीच छताकडे बघतात.

मॅनेजर हसून म्हणाला, “सर, ते पैसे आमच्या स्टाफसाठी असतात.”

इतका वेळ पेंगणारे अप्पा ताठ बसले. “स्टाफला त्यातले किती मिळतात?” त्यांनी मॅनेजरला नाही, वेटरला विचारलं. “आणि युनियन आहे का रे तुमची?”

मुलाने सर्व्हिस चार्जसकट बिल भरून टाकलं आणि खाली कॅब येऊन उभी राहिल्याचं जाहीर केलं. कॅब अजून दादरलाही पोहोचली नव्हती.