माल की माणूस?

पाथरी सोडून जाणाऱ्यांची परंपरा थोर आहे. अहमदनगरची निजामशाही ज्या घराण्याने उभी केली, ते मूळचे पाथरीचे कुलकर्णी, असं इतिहासकार फरिश्ता लिहून गेला आहे. साईबाबांचा जन्मही इथलाच, असं आम्ही पाथरीकर मानतो. २०२० च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी गावाच्या विकासाला शंभर कोटी जाहीर केले आणि त्या जन्मस्थानाच्या वादावरून तिकडे शिर्डी बंद झाली, हे पुष्कळांना आठवत असेल. पण यांच्यापैकी कुणी गाव सोडताना गादी, गॅस आणि फिल्टरचं पाणी सोबत नेल्याची नोंद नाही. माझं घोडं तिथंच अडलं.

मी रिटायर, अविवाहित, आणि भरल्या घरात राहणारा. भरलं म्हणजे, दुपारी पेपर उघडला तर दोन पानं दुसऱ्याच्या हातात असतात. अशात पुतण्याने मोबाइलवर अमेरिकेतली एक गाडी दाखवली. साधी पिकअप, पण हौद्यात एक आख्खी खोली बसवलेली. पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर टपावर पुढे आलेला, खाली ओटा, मोरी, खिडकी. चार कोपऱ्यांना चार जॅक. ते टेकवले की पिकअप खालून निघून जाते आणि खोली आपल्या पायांवर उभी राहते. जॉन स्टाइनबेक हा लेखक १९६० साली अशाच गाडीतून अमेरिका फिरला. गाडीचं नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून रोसिनान्ते ठेवलं होतं. सोबत फक्त कुत्रा. मला कुत्रासुद्धा नको होता.

आता गाडी निवडायची. पहिला विचार छोट्या हत्तीचा. २००५ साली तो बाजारात आला तेव्हापासून गल्लीबोळांत त्याच्याइतकं कुणी फिरलेलं नाही. हौदा लांबीला सात फुटांच्या आसपास, रुंदीला पाच फुटांना थोडा कमी, वजन उचलणार पाऊण टन. मी वही घेऊन बेरीज मांडली. लोखंडी अँगल आणि पत्र्याची पेटी तीन-साडेतीनशे किलो. पाणी शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. पाण्यात सूट नसते. इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास-साठ. भरलेलं सिलिंडर तीस. मी स्वतः, आकडा छापत नाही. इतक्यात वहिनी डोकावल्या.

“भाऊजी, ज्वारीचं पोतं धरलं का?”

“एकट्या माणसाला पोतंभर ज्वारी कशाला?”

“आता लोकं येतीलच की तुमच्याकडं.”

पोतं, लोणच्याची बरणी आणि पाहुण्यांसाठी दोन सतरंज्या धरल्यावर हत्ती बसला. मग बोलेरो पिकअप. हौदा आठ-नऊ फुटी, वजन सव्वा टनाच्या पुढे. फक्त भाराचा मध्य मागच्या चाकांच्या पुढे राहिला पाहिजे, नाहीतर गाडीचं तोंड वर उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. म्हणून पाण्याची टाकी केबिनला लागून, ज्वारी टाकीला लागून.

पेटी करायला मानवत रोडच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, “काय टाकायलाव? वडापाव का चायनीज?”

“त्यात राहायचंय. आडवं पडता आलं पाहिजे.”

तो जरा थबकला. मग आदराने म्हणाला, “बनवलीय तशी. एका नगरपालिकेला वैकुंठरथ दिला होता. सेम साइज.”

उन्हाचा मुद्दा त्यानेच काढला. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झेपावतो आणि पत्र्याच्या पेटीत माणूस आपोआप शिजतो. त्याच्या मते दोन उपाय. एक, कोल्ड स्टोरेजला लावतात ते पफ पॅनल. दोन, टपावर उसाचं पाचट. पाचट स्वस्त, पण रस्त्यात बैल मागे लागतील, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

मग एजंट. एमएच २२ पासिंगच्या गाड्यांची त्याला पत्रिका पाठ. तो म्हणाला, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने फेरफार चालत नाही. मी म्हणालो, फेरफार कुठाय? पेटी उतरवता येते.

“उतरते ना? मग तो माल झाला.”

“बरं, माल.”

“मालाच्या गाडीत मागं माणूस बसत नसतो. आता तुमीच ठरवा काका, तुमी माल का माणूस?”

२०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, हे मी ऐकवून पाहिलं. तो म्हणाला, “ते पर्यटकाला. तुमी पर्यटक कुठले, तुमी पाथरीचे.”

तोवर गावात बातमी फिरली होती. पिकअप अजून शोरूममध्ये, आणि इकडे तिचं बुकिंग सुरू. चुलतभावाचा कापूस मानवतच्या जिनिंगला. मेहुण्याचं सोयाबीन. कुणाची मुलगी नांदायला, कपाटासकट. आमच्या दिंडीचे प्रमुख घरी येऊन बसले. “आषाढीला पेटी राहू द्या तशीच, माऊली. पलंगावर चार म्हाताऱ्या आरामात जातील.” त्यांना काय बोलणार? दिंडीबरोबर ट्रक असतो, त्यात भांडी, तंबू, शिधा, आणि रात्री ताडपत्रीखाली दमलेली माणसं. चाकांवरच्या घरात राहण्याचा अनुभव महाराष्ट्रात त्यांच्याइतका कुणाला नसेल. फक्त त्या ट्रकमध्ये एकट्याने राहणारा मी आजवर पाहिलेला नाही. एकट्याने कोपरा धरलाच, तर त्याला ताप आलाय का म्हणून विचारतात.

पुतण्याचा जीव मात्र त्या चार जॅकमध्ये अडकला होता. “काका, पेटी उतरवली की गाडी मोकळीच ना?”

“हो.”

“मग ती कामून फिरवायची? अंगणात उभी करू. तुमी आतमदी एकटे ऱ्हा निवांत. गाडीचं मी बघतो.”

घरात ठराव विनाविरोध मंजूर झाला. वहिनींनी जागाही दाखवली: न्हाणीघराला लागून, म्हणजे पाण्याची टाकी लागणार नाही, शंभर किलो वाचले. वीज घरातून, बॅटरीही वाचली. जेवायला मी आतच येणार, मग सिलिंडर कशाला? वजन इतकं उतरलं की छोटा हत्तीच काय, हातगाडीसुद्धा चालली असती.

मी अजून हो म्हणालेलो नाही. काल वेल्डिंगवाल्याने दार कुठल्या बाजूला ठेवायचं हे विचारायला फोन केला. वहिनींनी उचलला आणि सांगितलं, स्वयंपाकघराकडं. आणि कडी बाहेरून.