ना बदली, ना बढती

शिवाजी साटम सेंट्रल बँकेत कॅशियर होते. ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या कुठल्याही आईला विचारा, मुलाने आयुष्यात याहून जास्त काय करायचं असतं? नाटक? ते सहानंतर.

आपल्याकडे नट असाच घडतो. दिलीप प्रभावळकरही आधी नोकरीत होते. आधी पीएफ, मग प्रतिभा. अमेरिकेतला होतकरू नट म्हणे हॉटेलात बशा उचलतो. आपला नोटा मोजतो.

बाळ धुरींनी साटमांना 'संगीत वरद'मधून रंगभूमीवर आणलं. 1980 मध्ये 'रिश्ते-नाते' ही मालिका मिळाली. मग 21 जानेवारी 1998 ला सोनीवर 'सीआयडी' सुरू झाली आणि कॅशियरचा एसीपी प्रद्युम्न झाला.

सरकारी नोकरी काही सुटली नाही.

आणि नोकरी तरी कसली! 27 ऑक्टोबर 2018 पर्यंत, दीड हजारांवर भाग, एसीपीचा एसीपीच. ना बदली, ना बढती. जन्म 1950 चा. राज्य पोलीस 58 व्या वर्षी नारळ देतात. हे 68 व्या वर्षीही प्रेताशेजारी उभे राहून हवेत बोटं फिरवत होते. एकाही माईच्या लालाने माहिती अधिकारात अर्ज टाकला नाही.

राज्य सीआयडीचं खरं मुख्यालय पुण्यात आहे. ठाऊक होतं? नसेलच. त्याची मालिका नाही ना.

पण लोकांचं तरी काय चुकलं? मालिकेत फॉरेन्सिकवाले डॉ. साळुंखे नळीत काहीतरी निळं हलवायचे की रिपोर्ट हातात. जाहिरातींसकट तासाभरात खुनी गजाआड. ठाकुर्ली स्थानकात मोबाइल गेला, तर तासभर एकाच मुद्द्याचा तपास चालतो: हद्द कोणाची? फलाटावर गेला तर लोहमार्ग पोलीस, जिना उतरल्यावर गेला तर शहर पोलीस. जिन्यातच गेला तर?

नवीन घ्या.

मालिकेतला इन्स्पेक्टर दया दरवाजे तोडायचा. आमच्या सोसायटीत त्याने येऊ नये. आधी लोखंडी जाळी, मग सेफ्टी डोअर, मग लाकडी दार, त्याला साखळी. शिवाय सेक्रेटरी विचारणार, दुरुस्तीचा खर्च कोण देणार?

2004 मध्ये 'सीआयडी'च्या मंडळींनी 111 मिनिटांचा भाग एका दमात चित्रित केला. मध्ये कुठेही न थांबता. मध्य रेल्वेने एखादा माणूस शिकायला पाठवायला हवा होता.

'वास्तव'मध्ये हेच साटम गुंडाचे हतबल बाप होते. 1999 ची गोष्ट. म्हणजे टीव्हीवर गुंड पकडायचे आणि थिएटरात त्याच्यासाठी रडायचं. कुणाला खटकलं? छे.

डिसेंबर 2024 मध्ये मालिका परत आली, सोबत 74 वर्षांचे एसीपीही. एप्रिल 2025 मध्ये त्यांना बॉम्बस्फोटात संपवलं. वाहिनीने रीतसर श्रद्धांजलीचं कार्ड काढलं, सालांसकट. बघताबघता व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. साटम ठणठणीत! जागेवर तरुण पार्थ समथान आला. प्रेक्षकांनी नाकं मुरडली. मग काय? प्रद्युम्नसाहेब पुन्हा हजर.

मेलेला माणूस कामावर रुजू, हयातीचा दाखला न मागता. आणि आमचे पेन्शनर काका दर नोव्हेंबरात बँकेच्या काउंटरपुढे सदेह उभे असतात. मशीन अंगठा घेत नाही. पलीकडची मुलगी मान वर न करता सांगते, "काका, सिस्टीम दाखवत नाहीये तुम्हाला. सोमवारी या."