अर्धा गुण

पुतणीच्या वहीत बाईंनी लाल शाईने अर्धा गुण कापला आणि शेजारी लिहिलं, 'एकक?' मुलगी शांत होती. पेटलो मी. दहावीला गणितात १५० पैकी १४९ मिळवलेल्या माणसाच्या घरात हे घडावं! माझा तो एक गुणही 'चौ.सेमी' न लिहिल्यामुळेच गेला होता. पुरावा काही नाही, पण ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय की कधीच न पाहिलेल्या परीक्षकाचा चेहराही आता मला आठवतो.

प्रश्न होता, बाजू ४ असलेल्या चौरसाचं क्षेत्रफळ काढा. ४ काय? मीटर, विती, की बेडूकउड्या? प्रश्नातच एकक नाही तर उत्तरात आणायचं कुठून? पालकांच्या सहीच्या जागी मी बाईंना पानभर पत्र लिहिलं. भूमितीला एककाशी देणंघेणं नसतं, गवंड्याकडे बघा. दोरीवर ३, ४, ५ मोजतो आणि काटकोन साधतो. फुटाने मोजा नाहीतर फावड्याच्या दांड्याने, कोपरा गुण्यातच येतो. पायथागोरसचं नाव मी दोनदा घातलं.

गवंड्याला मात्र साक्षीला बोलवायला नको होतं. कारण त्याच्या धंद्यात एककांची नुसती जत्रा आहे. भिंत फुटात, फट सुतात. आठ सुतांचा एक इंच. फरशी म्हणे 'टू बाय टू', आणि खोक्यावर छापलेलं असतं ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ १० मिलिमीटर कमी. हे मी दुकानदाराला ऐकवलं, तर त्याने माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे ब्रास. फरशी असेल तर एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू असेल तर १०० घनफूट. शब्द एकच. गच्चीचं काम काढलं तेव्हा गवंडी म्हणाला, "तीन ब्रास भरेल, साहेब." गच्ची ३०० चौरस फूट, हिशेब चोख. मी ऐटीत फोन केला आणि तीन ब्रास वाळू सांगितली. फरशीखाली दोन इंचांचा थर द्यायचा होता, त्याला अर्धा ब्रासही पुष्कळ झाली असती. फाटकासमोर वाळूचा डोंगर उभा राहिला. माणसांनी नावं ठेवली, पण गल्लीतल्या मांजरांच्या दोन पिढ्यांनी मला दुवा दिला.

तर बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोनच ओळी. 'चौरस एकक असे लिहावे. या चौरसाची परिमितीही १६ येते. कोणते १६ कशाचे, हे कसे ओळखायचे?'

मी चार चोक करून पाहिलं. मग चार वेळा चार मिळवून पाहिलं. गप्प बसलो.

या १६ वरून मला आमचं ११ आठवलं. दादा नेहमी म्हणायचे, "गावी आपलं अकरा आहे." अकरा काय, ते कधी बोलले नाहीत. एकर मीच जोडले, आधी होस्टेलवर आणि नंतर लग्नाच्या बैठकीत. तिथे सासऱ्यांनीही विचारलं नाही. गणितात एकक नसलं तर गुण जातो, बैठकीत छत्तीस जुळतात. दादा गेल्यावर सातबारा काढला. हेक्टरच्या खाली शून्य, आरच्या खाली ११. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून जेमतेम लहान. आणि एकर व्हायला गुंठे लागतात ४०. त्या दिवशी मी दादांवर खरोखर चिडलो. फसवलं मी, आणि राग त्यांच्यावर!

एक एकक मात्र ते न चुकता सांगायचे. दर मे महिन्यात एसटीने गावी जायचे, बांधावरून एक फेरी मारायचे आणि परत आल्यावर, आपली पिशवी खाली ठेवायच्या आधी, आकडा सांगायचे : १९० पावलं. वर्षानुवर्षं १९०. शेवटच्या वर्षी मी बरोबर होतो. फेरी संपवून ते माझ्यापाशी थांबले. २४० भरली होती.

"दादा, बांध वाढला की काय?" मी हसलो.

ते हसले नाहीत. चुकलं असेल म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.