कोपरा नसलेलं घर

शिकागो नदीच्या काठी, स्टेट स्ट्रीटच्या पुलाजवळ मरीना सिटीचे जुळे मनोरे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा वास्तुकला वगैरे काही आठवलं नाही, भूक लागली. अर्धगोल बाल्कन्यांच्या दाटीमुळे ते थेट मक्याची कणसं दिसतात. तिथले लोकही त्यांना कणसंच म्हणतात. फक्त तिखट-मीठ-लिंबू चोळायला 65 मजले चढणार कोण?

1960च्या दशकातल्या या कणसांत खालचे 19 मजले गाड्यांचे. गोल गोल चढणीवरून त्या वर जाऊन विसावतात. 20वा मजला कपडे धुण्याचा. म्हणजे नदीचा देखावा आधी गाड्यांना, मग ओल्या पायजम्यांना, आणि 21व्या मजल्यापासून माणसांना.

घरं पाकळीसारखी. दाराशी निमुळती, बाल्कनीकडे ऐसपैस. काटकोन जवळजवळ औषधालाही नाही. वास्तुकार बर्ट्रांड गोल्डबर्ग तरुणपणी जर्मनीत मीस व्हॅन डेर रोह यांच्या हाताखाली शिकले. गुरुजींचा सगळा संसार काटकोनातला. शेजारीच त्यांच्या आराखड्याची सरळसोट काळी पेटी उभी आहे. शिष्याने मात्र कोपराच हद्दपार केला.

माझा जीव कळवळला. कोपरा नाही, तर छत्री ठेवायची कुठे? रद्दी? तांदळाचा डबा? आणि मुख्य म्हणजे, रुसायचं कुठे? रुसायला हक्काचा कोपरा लागतो. त्या बाल्कनीत जाऊन रुसावं, तर घरच्यांना वाटणार, सूर्यास्त बघतोय!

मग कळलं, हा घाट घातला होता इमारती झाडणाऱ्या-राखणाऱ्या कामगारांच्या संघटनेने. माणसं शहर सोडून उपनगरांत निघाली होती. मध्यवस्तीत माणसंच उरली नाहीत, तर झाडायचं काय? म्हणून संघटनेने ऐन शहरात, नदीकाठी, 896 घरं उभी करायला पैसा लावला.

आणि माझ्यापुरता उलगडा झाला. गोल्डबर्ग यांची कारणं मोठी, शास्त्रशुद्ध असतील, असोत. पण दुसऱ्यांच्या घरातल्या कोपऱ्यांची धूळ झाडूच्या टोकाने उकरण्यात ज्यांचा जन्म गेला, ती माणसं स्वतः इमारत बांधायला निघाल्यावर कोपरा ठेवतील कशाला?