चार रकान्यांसाठी एवढा पसारा कशाला?

उजनी धरणाच्या काठावरच्या माणसाला सकाळी एकच गोष्ट बघायची असते: भिगवणच्या बाजारात चिलापी काय भावाने गेली. मासा, आवक, कमी भाव, जास्त भाव. चार रकान्यांचं कोष्टक, संपलं. पण या कामाची वेबसाइट करायला बारामती-इंदापुरातल्या ताज्या पदवीधराला सांगा. तो आधी रिअ‍ॅक्टसारखा जावास्क्रिप्टचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, बसवणार, त्यासोबत शेकडो पॅकेजेस उतरवणार, आणि बघणाऱ्याच्या मोबाईलवर आधी पांढरा पडदा येणार, मग फिरणारं चक्र. भाव त्यानंतर, रेंज असली तर.

यात पोरांची चूक नाही. त्यांना एचटीएमएल दोन तासांत उरकून पुढे ढकललं जातं. चूक शिकवणाऱ्यांची आहे.

कारण लागतं ते सगळं ब्राउझरमध्येच आहे. टेम्प्लेट नावाचा टॅग घ्या. त्यात कोष्टकाची एक ओळ साचा म्हणून लिहून ठेवायची. ती पडद्यावर दिसत नाही, तिच्यातली चित्रं उतरत नाहीत, स्क्रिप्ट चालत नाही. हवी तेव्हा तिची प्रत काढायची, चिलापी, रोहू, कटला भरत जायचं. दुसरी सोय कस्टम एलिमेंटची, म्हणजे आपला स्वतःचा टॅग. नाव रोमन छोट्या अक्षराने सुरू व्हावं, त्यात मोठं रोमन अक्षर नसावं आणि मध्ये एक जोडरेघ असावी, बस्स. ‘bajar-bhav’ चालतं. जोडरेघ अशासाठी, की ब्राउझरमध्ये उद्या नवा टॅग आला तरी आपल्या नावाशी टक्कर होऊ नये. २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचा नवा एज ब्राउझर आला आणि ही सोय सगळ्या मोठ्या ब्राउझरांत पोचली.

खरी ताकद पुढे आहे. ‘bajar-bhav’ या टॅगच्या पोटात साधं कोष्टक आधीच लिहून ठेवा. स्क्रिप्ट आली तर कोष्टकाला शोध मिळेल, भावाप्रमाणे क्रम लावता येईल. नाही आली, तर अनोळखी टॅग बघून ब्राउझर अडत नाही, आतला मजकूर सरळ दाखवतो. भाव दिसतोच. शिवाय तो फोटो नाही, मजकूर आहे. शोधता येतो, मोठा करता येतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो.

रेंजचं म्हणाल तर पालखीचे दिवस आठवा. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. बेलवाडीत गोल रिंगण असतं. एका माळावर एवढे मोबाईल जमले की नेटवर्क गुदमरतं. तेव्हा मुक्कामाचं वेळापत्रक आणि पाण्याच्या टँकरची जागा सांगणारं पान काही केबींचं हवं. तिथे जड साइट म्हणजे बंद साइटच.

आणि नंतर सांभाळणार कोण? पोरगा हिंजवडीला नोकरीला गेला की डाळिंबाच्या रोपवाटिकेची साइट वाऱ्यावर. फ्रेमवर्कही कायमचं नसतं: गूगलचं अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं, २०२१ संपताना त्याचा आधार संपला. त्यावर उभ्या साइट नव्याने लिहिणं आलं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये १९९१ साली लोकांपुढे ठेवलेल्या पहिल्या वेबसाइटची जुनी प्रत मात्र आजच्या मोबाईलवर उघडते आणि वाचता येते.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. दहा पानांवर एकच मथळा हवा असेल तर नुसत्या एचटीएमएलमध्ये तो बाहेरून आणून जोडायची सोय नाही. कस्टम एलिमेंटची एक छोटी फाइल करावी लागते, किंवा सर्व्हरकडून जोडून घ्यावा लागतो. आणि साखर कारखान्याला सभासदांचे हिशेब, लॉगिन, ऊसनोंदी असं मोठं काम करायचं असेल तर खुशाल फ्रेमवर्क घ्या. पण कुंभारगावात फ्लेमिंगो दाखवणाऱ्या नाववाल्याला फोन नंबर, वेळ आणि दर एवढंच सांगायचंय. त्याच्या गळ्यात तो पसारा घालू नका.

बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या आणि बारामती-इंदापूर तालुक्यांतल्या इतर कॉलेजांच्या मास्तरांना विनंती आहे: पहिलं पूर्ण सत्र फ्रेमवर्कशिवाय शिकवा. प्रोजेक्टला गावातलं खरं दुकान, खरा बाजार द्या.

आणि दुकानदारांनो, साइटचे पैसे देण्याआधी करून देणाऱ्याला एवढंच सांगा: तुझ्या अँड्रॉइड मोबाईलवर क्रोमच्या सेटिंगमध्ये जा, जावास्क्रिप्ट बंद कर आणि माझी साइट उघडून दाखव. दर आणि फोन नंबर दिसला, तरच पैसे द्या.