वाढून आपणच घेतलं, मग टिप कशाला?

न्यू जर्सीतल्या चायनीज बुफेत रविवारी दुपारी मराठी हमखास कानावर पडते. बिल आलेलं असतं, मुलगा पाकीट उघडतो आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले बाबा विचारतात, ‘‘टिप कशाला रे? वाढून तर आपणच घेतलं!’’ आई मान डोलावते. सून खिडकीबाहेर बघते. मुलगा दोन डॉलर ठेवून उठतो.

बाबा, वाढून तुम्ही घेतलंत हे खरं. पण उचललं कोणी? सहा जणांच्या टेबलावरून तासाभरात प्लेटांच्या चळती गेल्या. कोळंबीची टरफलं, खेकड्याच्या पोकळ नळ्या, अर्धवट खाल्लेले एग रोल, नातवाने सांडलेलं आइस्क्रीम. तुम्ही दुसऱ्या फेरीहून परत आलात तेव्हा जागा पुसलेली होती आणि ग्लासात पाणी होतं. पंगतीत वाढपी समोरून येतो, म्हणून त्याचे कष्ट दिसतात. बुफेतला वाढपी तुमची पाठ वळल्यावर काम करतो, म्हणून तो हिशेबातच धरला जात नाही.

आता कायदा बघा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान रोख वेतन तासाला २.१३ डॉलर आहे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. इतरांसाठी किमान वेतन ७.२५ डॉलर, तेही २००९ पासून तिथेच अडकलंय. मधली तफावत टिपेतून भरून निघेल असं कायदा धरून चालतो आणि नाही निघाली तर ती मालकाने भरायची. न्यू जर्सीसारख्या राज्यांनी आपापले दर वर नेलेत, कॅलिफोर्नियाने मालकांना ही सवलतच ठेवलेली नाही. पण पुष्कळ ठिकाणी तुम्ही टेबलावर ठेवता ती नोट म्हणजे टेबल पुसणाऱ्या त्या बाईच्या पगारातला एक तुकडा असतो. तो द्यायचा की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. बुफेत दहा टक्के द्यायची चाल आहे. मी म्हणते, पंधरा द्या. ऐंशी डॉलरांच्या बिलावर हा फरक चार डॉलरांचा पडतो. एवढ्याला पार्किंगसुद्धा मिळत नाही.

ही बाई इथे आली कुठून? पूर्व किनाऱ्यावरच्या अशा बुफेंत राबणारे बरेचसे लोक चीनच्या फुजियान प्रांतातले, त्यातही फुचौ शहराच्या आसपासच्या गावांतले. न्यू यॉर्कच्या चायनाटाउनात मॅनहॅटन ब्रिजच्या खाली ईस्ट ब्रॉडवे नावाचा रस्ता आहे. तिथे नोकरी लावून देणाऱ्या एजन्सींच्या चिंचोळ्या खोल्या आहेत. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवर कामाचा प्रकार, महिन्याचा पगार आणि गावाच्या नावाऐवजी टेलिफोनचा एरिया कोड लिहिलेला असायचा. ओहायो, टेनेसी ही नावं वाचता आली नाहीत तरी चालत होतं. चिठ्ठी घ्यायची, चायनाटाउनातूनच सुटणाऱ्या बसमध्ये बसायचं आणि कित्येक तासांनी कुठल्यातरी हमरस्त्यालगतच्या मॉलपाशी उतरायचं. राहायला मालकाने घेतलेलं घर, एकेका खोलीत तीन-चार गाद्या. कामावर न्यायला आणि परत आणायला व्हॅन. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे दहा-बारा तास, अशी या धंद्याची रीत. ज्या गावात आयुष्याची दोन वर्षं काढली, त्या गावातली लायब्ररी किंवा तलाव काही जणांनी कधी पाहिलेला नसतो.

चिनी माणूस या धंद्यात नुसत्या हौसेने शिरला नाही. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. व्यापाऱ्यांना मात्र मुभा होती. १९१५ मध्ये एका न्यायालयाने उपाहारगृहाचा मालकही व्यापारीच, असा निर्णय दिला आणि खानावळ काढणं हा देशात येण्याचा आणि नातेवाइकांना आणण्याचा रस्ता झाला. चुलत्याने, मामाने, गाववाल्याने पैसे जमवून भागीदारीत उपाहारगृहं काढली, ती अशी. १९४३ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण वर्षाला जेमतेम १०५ चिन्यांना प्रवेश मिळायचा. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या कायद्याने.

हेच दार आपल्यालाही उघडलं. १९६५ च्या आधी आपले किती इंजिनियर आणि डॉक्टर या देशात होते? आपण पदवी घेऊन आत आलो, ते कढई घेऊन. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या चार बेडरूमच्या घरात बसून ‘हे चायनीज लोक’ असं नाक मुरडत बोलणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं.

सगळ्यांना दारातून येता आलं असंही नाही. ६ जून १९९३ च्या पहाटे ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचं जुनाट मालवाहू जहाज न्यू यॉर्कच्या रॉकअवे किनाऱ्यावर रुतलं. आत २८६ माणसं होती, बहुतेक फुजियानची. दलालांना हजारो डॉलर कबूल करून निघालेली. लोकांनी थंडगार पाण्यात उड्या टाकल्या. दहा जण मेले. वाचलेल्यांपैकी काहींना पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या तुरुंगात साडेतीन वर्षांहून अधिक काळ डांबून ठेवलं होतं. तिथे त्यांनी कागदाच्या घड्यांमधून पक्षी, जहाजं, झाडं घडवली. सुटल्यावर त्यातले काही जण उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांतच गेले, कारण आत जाताना जे कर्ज होतं ते बाहेर येतानाही डोक्यावर होतंच. एवढं ठाऊक असूनही ज्याला दोन डॉलर ठेवून उठता येतं, त्याच्याशी माझं खरोखर जमत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला बुफेत जाऊन बघा. गर्दी ओसरलेली असते. मागच्या गोल टेबलावर चार-पाच जण फरसबीचा ढीग घेऊन बसलेले असतात. टोक मोडायचं, दोर ओढायचा, शेंग टबात टाकायची. बोलणं चालू, हात चालू. एखाद्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या उडालेल्या थेंबांचे डाग असतात. शेजारी मालकाचा मुलगा गणिताची वही उघडून बसलेला. थोड्या वेळाने शेंगा बाजूला होतात आणि त्यांचं स्वतःचं जेवण येतं: वाफवलेला आख्खा मासा, वर आल्याच्या आणि कांद्याच्या पातीच्या बारीक काड्या, लसणीवर परतलेली पालेभाजी, पातळ सूप, भात. यातलं काही तुमच्या रांगेत नसतं. तुमच्यासाठी गोड, तळलेलं, नारिंगी चकाकीचं, कारण गिऱ्हाईक तेच मागतं.

त्यावरून आठवलं. ‘‘हे काही ऑथेंटिक चायनीज नाही,’’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक टेबलावर असतोच. नाहीच आहे. जनरल त्सोज चिकन हा पदार्थ हूनानच्या पंग चांग-क्वेई या आचाऱ्याने चीन सोडल्यावर तैवानमध्ये रचला आणि त्यातली साखर अमेरिकेत वाढली. क्रॅब रंगूनमधलं क्रीम चीज तर कुठल्याच चिनी गावातलं नाही. पण ज्या मंडळींनी आयुष्यभर मंचुरियनला चायनीज म्हटलं, त्यांनी ही तक्रार करू नये. चिकन मंचुरियन १९७५ मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, नेल्सन वांग यांनी केलं. परक्या गावात पोट भरायचं तर त्या गावाच्या जिभेला विचारावं लागतं. ते या आचाऱ्यांनी चोख केलं. मला ते कौतुकाचं वाटतं.

आता ‘पैसे वसूल’. हा शब्द बुफेच्या दारातच उंबऱ्याबाहेर ठेवावा. जेवणाचा दर ठरलेला आहे. तुम्ही कमी खाल्लं काय किंवा जास्त, त्यातला एक पैसा परत येत नाही. आणि मालकाने तुमच्यासारखे हजारो पाहिलेत. भात, नूडल्स, तळलेली भजी रांगेच्या सुरुवातीला आणि महागाची कोळंबी टोकाला असते ती उगाच नव्हे. त्याचा हिशेब सगळ्यांच्या सरासरीवर चालतो. तुम्ही फोडलेल्या चार खेकड्यांनी तो बुडत नाही. बुडतं ते तुमचं पोट, आणि रांगेत तुमच्या मागे उभा असलेला माणूस हात हलवत परततो. शनिवारी संध्याकाळी स्नो क्रॅबच्या पायांचा ट्रे बाहेर आला की आमचे मालवणी बंधू चिमट्याने निम्मा ट्रे एका प्लेटीत रचतात. दहा मिनिटांत दुसरा ट्रे येणार असतो. थांबा की!

टाकणाऱ्यांना तर मी माफच करत नाही. ‘चव बघू’ म्हणून सात पदार्थांचा डोंगर आणि चार घासांनंतर सगळं बाजूला. घरी ताटात भाताचं शीत राहिलं तर मुलावर डोळे वटारणारी हीच माणसं. एक एक चमचा घ्या. आवडलं तर पुन्हा जा, पुन्हा जायला बंदी नाही.

पुन्हा जाताना मात्र नवी प्लेट घ्या. तशी पाटी लावलेली असते, आणि अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमावलीतही ते लिहिलेलं आहे. आपली माणसं ‘कशाला आणखी एक भांडं खराब करायचं’ म्हणून तीच प्लेट घेऊन जातात, आणि वाढायचा डाव त्या उष्ट्या प्लेटीला टेकवून परत ट्रेमध्ये ठेवतात. उष्ट्या-खरकट्याचा एवढा विचार आपल्या घरात होतो, तो रांगेत उभं राहिल्यावर कुठे जातो?

शाकाहाऱ्यांना एकच सांगणं आहे. टोफू दिसला म्हणून आनंदू नका. मापो टोफूत डुकराचा खिमा असतो. हॉट अँड सावर सूप बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात होतं. फरसबीच्या चकाकीत कालवांचा सॉस असू शकतो, आणि एग रोल ज्या तेलात तळले त्याच तेलात कोळंबी तळलेली असते. काटेकोर पाळत असाल तर बुफे तुमच्यासाठी नाही. पाळूनही गेलात, तर इंग्रजी जेमतेम येणाऱ्या त्या मुलीला सात वेळा ‘व्हेज? व्हेज?’ विचारून तिला रडवू नका. जे तिला कळलेलं नाही त्याला ती हो म्हणेल, आणि मग तुम्ही तिला खोटारडी ठरवाल.

खोटेपणाचा विषय निघालाच आहे. मुलांचा दर वयाप्रमाणे असतो. काउंटरवर जाण्यापूर्वी गाडीतच अकरा वर्षांच्या मुलाला ‘विचारलं तर नऊ सांग’ अशी शिकवणी देणारे आई-बाप मी पाहिले आहेत. मुलगा नऊ सांगतो. समोरची बाई त्याच्याकडे बघते, त्याला उंचीवरूनच ओळखते आणि काही न बोलता लहानाचं बिल करते, कारण वाद घालण्याइतकी भाषा तिच्याकडे नाही आणि वेळही नाही. चार डॉलर वाचले. त्या पोराने काय उचललं, ते पुढे दहा वर्षांनी कळेल.

आणि उशिरा जाऊ नका. बंद व्हायची वेळ साडेनऊ असेल, तर नऊच्या ठोक्याला आठ जणांना घेऊन दारात उभं राहायचं आणि वर ‘ट्रे रिकामे, मग पैसे पूर्ण का’ म्हणून मॅनेजरशी भांडायचं, हे थांबवा. साडेनऊला तुमचं जेवण संपतं, त्यांचं काम संपत नाही. वाफेच्या टेबलातलं पाणी काढायचं असतं, ट्रे घासायचे असतात, गालिच्यावरचा भात वेचायचा असतो. मग सगळ्यांना घेऊन व्हॅन निघते. व्हॅन एकच असते आणि शेवटच्या टेबलाची आवराआवर झाल्याशिवाय ती हलत नाही. साडेसातला पोहोचा. जमत नसेल, तर त्या रात्री घरी खिचडी टाका.